चाचणीचं वजन

"क्रेन सरू ठरवेल," आबा म्हणाले आणि बशीतला चहा ओढून घेतला.

आमचं ऑफिस म्हणजे फाउंड्रीच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली. टेबलाच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मी, खिडकीत पाय हलवत बसलेला माझा धाकटा भाऊ रणधीर, आणि दारात ओतकामाचे मुकादम गौसभाई. ते थेट भट्टीवरून आले होते, म्हणून आत न येता उंबऱ्यावरच उभे होते.

"मी ठरवू?" मी विचारलं.

"मग? दुसरी कोण सरू हाय हितं? इंजिनेरची डिग्री काय भिंतीवर टांगायला काढलीस?"

"आणि रणधीर?"

"त्याला दुसरी कामं हाईत." आबांनी रणधीरकडे बघितलंसुद्धा नाही. "क्रेन नीट लागली, नीट चालली, की शेडची किल्ली तुझ्याकडं. मग तू आन ती भट्टी. मला आता ही धग सोसत न्हाई."

गौसभाई हसले. "बरं झालं, ताई. तुमी निदान आमाला इचारून तरी घ्याल."

मी तोंडाची फटकळ आहे, सगळेच म्हणतात. पण त्या दिवशी बशीतला चहा निवून गेला तरी मी तशीच बसून होते.

ही शिरोलीतली गोष्ट. बरीच वर्षं झाली. दारावरच्या बोर्डावर ‘श्रीपती लोहार अँड सन्स’ असं लिहिलेलं होतं, आणि तो बोर्ड रणधीर जन्मायच्या आधीपासून तिथं होता. लहानपणी मला वाटायचं, ‘अँड सन्स’ हे सगळ्याच कारखान्यांच्या नावापुढं शोभेला लावतात. कॉलेज संपवून आल्यापासून मी त्याच शेडमध्ये होते. वाळू तपासायची, साचे बघायचे, फुटका माल का फुटला ते शोधायचं. कामगार मला ताई म्हणायचे आणि आबा काहीच म्हणायचे नाहीत, म्हणजे ते माझ्या कामावर खूश आहेत असं मी समजायचे. घरी मात्र इचलकरंजीचं एक स्थळ ठाण मांडून बसलं होतं. सूत रंगवायचा कारखाना, एकुलता मुलगा, घरात माणसं चांगली. आई रोज संध्याकाळी विषय काढायची आणि मी रोज संध्याकाळी ताटावरून उठायचे. किल्ली हातात आली असती तर मी शिरोलीतच राहणार होते, त्या धगीत आणि त्या धुळीत. दुसरं काही मला नकोच होतं.

क्रेन का हवी होती, ते सांगते. आमच्याकडे जुनी हाताची क्रेन होती. लोखंडाचा रस ज्या मोठ्या डब्यातून नेतात त्याला लेडल म्हणतात. ते लेडल हुकाला लटकवायचं, दोघांनी साखळ्या ओढून वर घ्यायचं आणि ढकलत ढकलत साच्यापर्यंत न्यायचं. आदल्या उन्हाळ्यात साखळी चाकावरून निसटली. लेडल पडलं नाही, पण असं हिसकलं की रस बाहेर उडाला आणि गौसभाईंच्या बुटात गेला. तेव्हापासून ते लंगडतच चालायचे. त्यात एका पंपवाल्या कंपनीची मोठी ऑर्डर यायची होती. एवढी मोठी कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, हाताच्या साखळीवर ओतताच येत नाहीत. कंपनीच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, आधी क्रेन दाखवा, मग ऑर्डर.

मी कामाला लागले. आधी गौसभाईंनाच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे.

"मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "एवढंच बघा, डबा खाली येताना धक्का बसाया नको. धक्का बसला की रस हिंदकळतोय. रस हिंदकळला की पोरं पळत्यात. आन पळताना साच्यात पाय जातोय."

मग मी गोकुळ शिरगावपर्यंतच्या ओळखीच्या फाउंड्र्या पालथ्या घातल्या. क्रेन उचलते कशी हे मी बघतच नव्हते, थांबते कशी ते बघत होते. मालक लोक विचारायचे, श्रीपतराव नाही आले? मी म्हणायचे, मीच आले आहे. ते चहा मागवायचे आणि हवापाण्याचं बोलायचे. बरं, बोलू दे त्यांना. मी भिंतीला टेकून उभी राहायचे आणि हुकाकडे बघत बसायचे.

पुण्याहून क्रेनवाले आले. कानिटकर त्यांचं नाव, शर्टाच्या खिशात तीन पेनं. मी प्रश्न विचारला की ते उत्तर रणधीरला द्यायचे.

"साहेब, तुम्हाला पाच टनाची पुरून उरेल," ते रणधीरकडे बघून म्हणाले.

"विचारलं मी होतं," मी म्हटलं.

"हो, हो, मॅडम." आणि पुन्हा मान रणधीरकडे. "तर साहेब, रस तुमचा जास्तीत जास्त किती, साडेतीन-चार टन. म्हणजे पाच टनात..."

"आणि डबा काय हवेत तरंगत येतो?"

कानिटकरांनी खिशातलं एक पेन काढलं.

"डबा लोखंडाचा आहे," मी म्हटलं. "आतून विटांचं अस्तर आहे. वर आडवा दांडा आहे. ते सगळं हुकालाच लटकणार ना? मालाचं वजन सगळेच धरतात, भांड्याचं कुणी धरत नाही. मला साडेसात टनाची पाहिजे. ब्रेक दोन पाहिजेत, एक सुटला तर दुसऱ्यानं धरलं पाहिजे. आणि वेग दोन. एक रिकाम्या हुकासाठी, एक भरल्या डब्यासाठी, अगदी सावकाश."

"मॅडम, दोन ब्रेक मोठ्या स्टील प्लांटमध्ये घेतात. तुमच्यासारख्या छोट्या युनिटला..."

"छोट्या युनिटमधला माणूस कमी भाजतो का?"

रणधीर खिडकीत बसून हसत होता. "कानिटकरसाहेब, तिच्याकडं बघूनच बोला. न्हाईतर संध्याकाळपर्यंत चहा मिळायचा नाही."

तेव्हापासून कानिटकर माझ्याकडे बघून बोलू लागले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठं बघायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

रणधीरच्या डोक्यात एक वेगळी क्रेन होती. बंद पडलेल्या एका सूतगिरणीतली, त्याच्या मित्राच्या वडिलांनी लिलावात घेतलेली. "रंग मारला की नवीकोरी दिसंल, ताई. अर्ध्यात मिळंल."

"गिरणीत ती सुताचे गठ्ठे उचलायची," मी म्हटलं. "तेही कधीमधी. आपण दिवसभर आग उचलणार. शिवाय आपले खांब बघितलेस का? ते छप्पर पेलायला आहेत, क्रेन पेलायला नाहीत. नवे खांब पायापासून उभे करावे लागतील."

मला वाटलं, आता हा भांडेल. लहानपणापासून आम्ही सायकलवरून भांडलो, पंख्याखालच्या जागेवरून भांडलो, आईनं वाढलेल्या पुरणपोळीवरून भांडलो. पण तो म्हणाला, "बरं बाई. तुझं तू बघ." आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला. पुढंही कशातच तो आडवा आला नाही. खांब उभे राहिले, वर गर्डर चढले, क्रेनचे भाग ट्रकमधून उतरले, सगळीकडे तो होता, पण खिशात हात घालून. मला वाटलं, पोरगा शहाणा झाला. मी आईला तसं सांगितलंसुद्धा. आई भाकरी थापत राहिली.

क्रेन लागली आणि चाचणीचा दिवस आला. खरं काम सुरू करण्याआधी क्रेनला तिच्या ताकदीपेक्षा थोडं जास्त वजन लावून बघतात. उचलतात, हवेत धरतात, मग मुद्दाम वीज तोडतात. ब्रेकनं धरलं तर क्रेन पास. नाही धरलं तर वजन खाली.

सकाळी आबा स्कूटर काढत होते. मी धावत बाहेर गेले.

"आबा, आज चाचणी आहे. थांबा की."

"नको. मला मार्केट यार्डात काम हाय."

"वजन काय लावायचं ते तरी सांगा. रणधीर म्हणतो, पंपाची नमुन्याची दोन-चार कास्टिंगं बाहेरून ओतून आणली आहेत, ती लावू. त्यांचं वजन नक्की माहीत आहे."

आबांनी स्कूटर बंद केली. "तयार माल? येड लागलंय काय? चाचणीला कधी तयार माल लावत्यात? भंगार लाव. पडलं तरी आपलं काय जात न्हाई, असलं काहीतरी लाव."

"बरं."

"आन रणधीरला लांब ठेव. बटनाला हात लावू देऊ नको. तुझी क्रेन, तू बघ."

तुझी क्रेन. दिवसभर ते दोन शब्द मी मनात घोळवत होते.

लोखंडी पेट्यांत भंगार भरलं. फुटके पाइप, जुन्या साच्यांच्या चौकटी, गंजकी चाकं. काट्यावर तोलून पेट्या हुकाला बांधल्या. बटनाचा डबा, जो क्रेनवरून वायरनं खाली लोंबकळत असतो, तो मी हातात घेतला. कानिटकर म्हणाले, आमचा माणूस दाबेल, मॅडम. मी म्हटलं, नको. सगळ्यांना खांबांच्या पलीकडे जायला सांगितलं. गौसभाई लंगडत सर्वांत शेवटी गेले.

वजन उचललं. कंबरेइतकं वर घेतलं. खांबावर खडूनं रेघ मारली आणि ओरडून सांगितलं, मेन बंद कर. खटका पडला, दिवे गेले, शेडमध्ये एकदम सामसूम झाली. वर कुठंतरी ब्रेकचा कट्ट असा आवाज आला. पेट्या जिथल्या तिथं. मी रेघेकडे बघत राहिले. रेघ आणि पेटीची कड, दोन्ही एकाच ओळीत होत्या. कानिटकरांनी घड्याळ बघून मान हलवली तेव्हा मी मेन चालू करायला सांगितलं. मग सावकाश वेगानं पेट्या खाली आणल्या. जमिनीला लागल्या तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

"अशी पाहिजे," गौसभाई म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली म्हणून सांगितलं, पण गौसभाईंनी काही ते खरं मानलं नसणार.

आबा अंधार पडायच्या सुमारास परत आले.

"पडली न्हाई न्हवं?"

"नाही."

"रणधीरनं हात लावला न्हाई न्हवं?"

"नाही. सगळं मीच केलं."

"बरं झालं," आबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. एवढ्यानंही माझं पोट भरलं, बघा. मला वाटलं, आबांना माझ्याशिवाय कुणाचा भरवसा वाटत नाही.

त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. आम्ही लोहार, आमच्यात खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. भट्टी थंड असते, यंत्रं धुऊनपुसून ठेवतात, कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. आजोबांचा हातोडा आणि ऐरण पाटावर मांडतात. घरात कुठलंही नवं यंत्र आलं की त्याची पूजा त्या दिवशी होते आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुहूर्ताची एक ओतणी होते. त्या दिवशी आबा आजोबांचा हातोडा कपाळाला लावून ज्याच्या हातात देतात, त्यानं नवं यंत्र पहिल्यांदा चालवायचं. आतापर्यंत आबांनी तो दरवेळी स्वतःच्याच हातात ठेवला होता. या वेळी पाटावर हातोड्याशेजारी शेडची किल्लीही होती. हळदकुंकू वाहिलेली. मी क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ घातली, बटनाच्या डब्याला गंध लावलं. आबा म्हणाले, "झ्याक दिसतीया."

दसऱ्याला आईनं मला जांभळी साडी नेसायला लावली. मी साडीखाली माझे सेफ्टी बूट घातले. मावशी म्हणाली, अगं हे काय पायात. मी म्हटलं, मावशी, तिथं रस असतो, चपलेला चटका बसत नाही, पायाला बसतो. शेडमध्ये पाहुणे जमले होते. पंपवाल्या कंपनीचे साहेब आले होते, त्यांना आबांनी पुढं खुर्ची दिली. भट्टी पेटली होती. गौसभाई आणि त्यांची माणसं साच्यांजवळ तयार होती.

आबांनी पाटावरचा हातोडा उचलला, कपाळाला लावला. किल्ली उचलली. मी त्यांच्या उजव्या हाताला, अगदी जवळ उभी होते.

"रणधीर, ये रे," आबा म्हणाले.

माझा हात पुढं झाला होता. तो मी तसाच वळवून पदर सारखा केला.

रणधीर आला. त्यानं हातोडा घेतला, किल्ली घेतली, आबांच्या पाया पडला. आबांनी बटनाचा डबा त्याच्या हातात दिला. टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या असतील, आठवत नाही.

भट्टी कलंडली, लेडल भरलं. रणधीरनं बटन दाबलं. लेडल वर गेलं, सरकलं, साच्यावर येऊन थांबलं. हललंसुद्धा नाही. मग सावकाश खाली. गौसभाईंनी हात वर केला आणि रस पडायला लागला, एका धारेत, सरळ.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की सांडावं. एकदा तरी हिंदकळावं. दुसऱ्याच क्षणी मला गौसभाईंचा पाय दिसला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साचा भरला होता. एक थेंबही इकडचा तिकडं झाला नव्हता. ती क्रेन कुणाच्याही हातात तशीच चालली असती. मी ती तशीच निवडली होती.

"वा, श्रीपतराव," पंपवाले साहेब म्हणाले. "मुलानं क्रेन फर्स्ट क्लास निवडली. हात पण काय स्थिर आहे."

मी आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आता त्यालाच बघायचंय सगळं," ते म्हणाले.

गौसभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून साच्यावरची वाळू सारखी करू लागले.

पाहुणे जेवायला घराकडे गेले. मी आबांना ऑफिसात गाठलं. दार लावून घेतलं.

"बस," आबा म्हणाले.

"बसत नाही. किल्ली माझी होती."

"तू क्रेन चांगली घेतलीस. मी न्हाई म्हणतोय काय?"

"चांगली घेतली तर किल्ली, असं तुम्ही म्हणाला होता. इथंच. गौसभाईंसमोर."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. ते चिडले नव्हते. ते चिडले असते तर बरं झालं असतं. समजूत घालायच्या आवाजात ते म्हणाले, "हे बघ, सरू. शेडमधली माणसं जुनी हाईत. माझ्या देखत मोठी झाल्यात. मालकाच्या पोराचं पैलंच मोठं काम फसलं, तर जन्मभर त्येला कोण मान देणार न्हाई. तोंडावर हो म्हणतील आन पाठीमागं हसतील. त्येच्या हातनं चूक होऊन चालत न्हवतं."

"आणि माझ्या हातून?"

आबांना तो प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. जमाखर्च मांडताना एखादा आकडा विचारावा तसा त्यांनी क्षणभर विचार केला.

"तुझं काय? तुझं चुकलं असतं तर म्हटलं असतं, पोरगी हुती, हौस केली. तू काय, आज ना उद्या जाणारच. तुझ्यासंगट ती चूकबी गेली असती." आणि मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "न्हाई चुकलं, ते तुझं कौतुकच हाय की."

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात, तसं माझं काही झालं नाही. मला स्कूटर दिसत होती. मार्केट यार्ड दिसत होतं. त्या दिवशी तिथं त्यांना काहीच काम नसणार. रणधीरला लांब ठेव, बटनाला हात लावू देऊ नको. मी त्याला भरवसा समजले होते.

दार ढकलून रणधीर आत आला. त्याच्या हातात किल्ली होती, कुंकू लागलेली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

त्यानं आबांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "आबा म्हणाले हुते, दसऱ्यापर्यंत मध्ये पडू नको. चांगलं झालं तर तुझंच हाय." जरा थांबून म्हणाला, "ताई, आईची आण, मला वाटलं तुला पण माहितीय."

"आईला माहीत होतं?"

तो किल्लीवरचं कुंकू पुसत राहिला. मला भाकरी थापणारे हात आठवले.

"आबा," मी म्हटलं, "मी वजनाशेजारी उभी होते. ब्रेक सुटला असता तर?"

"सुटला न्हाई न्हवं," आबा म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "जायच्या आधी त्येला सगळं दाखवून ठेव. तेल कुठं, दोर कवा बदलायचा. तुलाच ठावं हाय ते."

नाही म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. कुणीही नाही म्हटलं असतं. मी तशीच शेडमध्ये गेले, हुकाखाली. माळेतला झेंडू धगीनं करपला होता. गौसभाई तिथं साच्याशेजारी बसून बूट काढत होते.

"आता मालक तेच, ताई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्यांना नीट शिकवा. मी त्या डब्याखालीच असतोय."

मी शिकवलं. साडी बदलून आले आणि दुसऱ्या दिवसापासून रणधीरला सगळं शिकवलं. दोराची तार तुटायला लागली की बोटाला कसं टोचतं ते दाखवलं, ब्रेक तपासायचा कसा ते दाखवलं, धूळ बसते तिथं त्याला स्वतः चढायला लावलं. त्याला राग यावा म्हणून मी मुद्दाम कडक बोलायचे. त्याला राग आला नाही. तो शिकत गेला आणि चांगला शिकला. तेही मला सलत राहिलं. इचलकरंजीच्या स्थळाला मी नकार दिला. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी कानिटकरांना फोन लावला आणि पुण्याला त्यांच्याच कंपनीत गेले.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी शेवटी ते भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, माझी पोरगी क्रेनमधली डॉक्टर हाय. गौसभाई धडधाकट म्हातारे झाले, आणखी कुठं भाजले नाहीत. रणधीर दर खंडेनवमीला मला क्रेनचा फोटो पाठवतो. हुकाला झेंडू, बटनाच्या डब्याला गंध. खाली लिहितो, ताई, तुझी क्रेन अजून एक नंबर. मी लिहिते, दोर बघून घे.

आता लोक मला लांबून बोलावतात, आमच्या कारखान्याला कुठली क्रेन घेऊ म्हणून विचारतात. मी भांड्याचं वजन धरते, खांब तपासते, माणसं कुठं उभी राहणार ते विचारते. चाचणीचा दिवस आला की मालक म्हणतात, मॅडम, वजन काय लावू. मी म्हणते, भंगार लावा, पडलं तरी तुमचं काही जाणार नाही असं. बहुतेक ठिकाणी मालकाचा मुलगा मागं, खिशात हात घालून उभा असतो. मी बटनाचा डबा त्याच्या हातात देते. मालक लगेच म्हणतात, त्याला कशाला, मॅडम, तुमचा माणूस आहे की, किंवा तुम्हीच दाबा. मी म्हणते, मी दाबत नाही. क्रेन ज्याची असेल, त्यानं आजच दाबायचं. मग मालकांचा चेहरा जरा उतरतो, आणि मला तो बघायचा असतो.